उपनगरातील गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत : बेंगळुरूच्या रहिवाशांसाठी मार्गदर्शन

बेंगळुरूसारख्या झपाट्याने पसरणाऱ्या शहराच्या उपनगरात राहणाऱ्या, किंवा तेथे घर घेण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबाला आपली वस्ती कितपत सुरक्षित आहे हे जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर बहुधा वृत्तपत्रातील एखाद्या मथळ्यावरून, घरांच्या दलालाच्या सांगण्यावरून किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरील चर्चेवरून ठरवले जाते. वास्तविक पोलिस ठाण्यांच्या नोंदी, राज्याचे आणि केंद्राचे अहवाल व माहितीचा अधिकार या तीन मार्गांनी सामान्य नागरिकाला बरीच विश्वसनीय माहिती मिळू शकते. अडचण माहितीच्या अभावापेक्षा तिच्या वाचनात अधिक आहे, कारण पोलिसांचा आकडा हा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो आणि ही एक गोष्ट नजरेआड झाली की पुढचे सारे निष्कर्ष चुकतात. आकडा हाती आल्यावर तो कोणी, कोणत्या हद्दीसाठी, कोणत्या शीर्षाखाली आणि कशाच्या तुलनेत मोजला हे क्रमाने कसे तपासावे, आणि त्या तपासणीतून वस्तीच्या उपयोगाचे काय निघू शकते, याचे विवेचन पुढे केले आहे.

आकडा नेमका कशाचा असतो

घडलेली घटना आणि अहवालात छापलेला आकडा यांच्यामध्ये काही पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर काही घटना गळून पडतात. पहिली पायरी पीडिताची असते. पोलिसांकडे जावे असे त्याला वाटले पाहिजे. दुसरी पायरी कायद्याची असते, कारण पोलिस प्रत्येक तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल, म्हणजेच एफआयआर, नोंदवीत नाहीत. ज्या गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना सुरू करता येतो तो दखलपात्र गुन्हा होय आणि एफआयआर केवळ त्याचाच होतो. अदखलपात्र गुन्ह्याची वेगळी नोंद होते आणि न्यायदंडाधिकाऱ्याने आदेश दिल्याखेरीज तपास होत नाही. तिसरी पायरी मोजणीची असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ही १९८६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था मोजणीसाठी मुख्य गुन्ह्याचा नियम पाळते. एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. त्यामुळे घरफोडी करताना खून झाला तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते आणि घरफोडीच्या रकान्यात दिसत नाही.

या गळतीचे प्रमाण लहान नाही. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरू या चार शहरांत घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चोरी सोसलेल्या लोकांपैकी एफआयआरपर्यंत पोचलेले दहातील एकाहूनही कमी असल्याचे आढळले होते. नोंदीबाहेर राहिलेल्या अशा गुन्ह्यांना गुन्हेशास्त्रात गुन्ह्यांचा अंधारातील आकडा म्हणतात. तो सर्व प्रकारांत सारखा नसतो. खुनाची नोंद सहसा टळत नाही आणि वाहनचोरीची नोंद विम्याच्या दाव्यासाठी करावीच लागते. याउलट मोबाइलची चोरी, रस्त्यावरील छेडछाड आणि घरातील हिंसा यांची नोंद फार कमी होते. मोबाइलच्या बाबतीत तर आणखी एक फाटा फुटतो, कारण खिशातून गेलेला फोन चोरीला गेला असे न लिहिता हरवला असे लिहून ऑनलाइन दाखला घेणे सोपे असते आणि तो दाखला गुन्ह्यांच्या मोजणीत येत नाही.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. गावात दवाखाना उघडला की नोंदलेल्या रुग्णांची संख्या वाढते, पण त्यावरून आजार वाढला असे कोणी म्हणत नाही. तसेच नवे पोलिस ठाणे, महिलांसाठी मदतकक्ष किंवा घरबसल्या तक्रारीची सोय झाल्यावर नोंदलेले गुन्हे वाढले तर त्याचा अर्थ गुन्हेगारी वाढली असाच होत नाही. एनसीआरबीच्या अहवालातही गुन्ह्यांतील वाढ आणि गुन्हे नोंदणीतील वाढ या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असा स्पष्ट इशारा दिलेला असतो. म्हणून दोन उपनगरांची तुलना करताना प्रथम खून आणि वाहनचोरी यांसारखे नोंद सहसा न टळणारे प्रकार पाहावेत आणि कमी नोंदल्या जाणाऱ्या प्रकारांचे आकडे नंतर व सावधपणे वापरावेत.

हद्द कोणाची

उपनगर ही लोकांच्या बोलण्यातील कल्पना असते, तर आकडे पोलिस ठाण्याच्या हद्दीनुसार गोळा होतात. बेंगळुरू शहर पोलिस आयुक्तालयाची रचना विभाग, उपविभाग आणि ठाणे अशी उतरती आहे. व्हाइटफिल्ड हे एका ठाण्याचे नाव आहे, एका विभागाचेही नाव आहे आणि लोकांच्या बोलण्यात तर ते वर्तूर, काडुगोडी, महादेवपुरापर्यंतच्या सबंध पट्ट्याला लावले जाते. एखाद्या बातमीत व्हाइटफिल्डमध्ये घरफोड्या वाढल्या असे वाचले तर ती बातमी ठाण्याविषयी आहे की कृष्णराजपुरासारख्या दूरच्या ठाण्यांनाही पोटात घेणाऱ्या विभागाविषयी, हे आधी पाहिले पाहिजे.

हद्दी बदलतही असतात. २००७ मध्ये सात नगरपरिषदा, केंगेरीची नगरपालिका आणि ११० गावे जुन्या महानगरपालिकेत मिळवून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली. यलहंका, महादेवपुरा, बोम्मनहळ्ळी ही आजची उपनगरे तेव्हा पालिकेत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचीही पुनर्रचना होऊन बृहत् बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच स्वतंत्र महापालिका अस्तित्वात आल्या. पालिकेच्या वॉर्डाची सीमा आणि पोलिस ठाण्याची सीमा एकच नसते, त्यामुळे वॉर्डाची लोकसंख्या घेऊन ठाण्याच्या गुन्ह्यांना भागणे चुकीचे ठरते. शहराच्या कडेला हा घोळ अधिक होतो. आनेकल तालुका महसुलीदृष्ट्या बेंगळुरू नगर जिल्ह्यात असला तरी तेथील ठाणी दीर्घकाळ शहर आयुक्तालयाऐवजी ग्रामीण जिल्हा पोलिसांकडे राहिलेली आहेत, आणि तेथे घर घेणारा मनुष्य बेंगळुरू शहराचा आकडा वाचून आपल्या वस्तीविषयी काहीच ठरवू शकत नाही. जुन्या ठाण्याची हद्द तोडून नवे ठाणे निर्माण झाले असेल, तर जुन्या ठाण्याचा आकडा त्या वर्षी एकदम उतरतो. ही घट कागदावरची असते. म्हणून आपले घर ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे त्याचे नाव, आणि गेल्या पाच वर्षांत त्या हद्दीत झालेला बदल, या दोन गोष्टी ठाण्यात विचारून सर्वांत आधी लिहून ठेवाव्यात.

शीर्षांचा अर्थ आणि २०२४ ची दुभंगरेषा

सामान्य बोलण्यात चोरी हा एकच शब्द पुरतो, पण कायद्याला त्यात भेद करावे लागतात. मालकाच्या संमतीविना वस्तू लबाडीने नेणे ही चोरी, कुलूप तोडून किंवा लपून घरात शिरून केलेली ती घरफोडी, मारहाणीने किंवा मारहाणीचा धाक दाखवून केलेली ती जबरी चोरी, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. घरफोडीत दिवसाची आणि रात्रीची असे दोन भाग पाडले जातात आणि उपनगराच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे, कारण दिवसाच्या घरफोड्या बहुधा नोकरदारांच्या रिकाम्या घरांशी आणि रात्रीच्या घरफोड्या गावी गेलेल्या कुटुंबांशी निगडित असतात. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे थेट जोडता येत नाहीत. चोरीचे कलम ३७९ जाऊन ३०३ आले, खुनाचे ३०२ जाऊन १०३ आले, हा बदल केवळ क्रमांकांचा आहे. परंतु कलम ३०४ ने हिसकावणी हा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला, जो जुन्या संहितेत नव्हता. गळ्यातील सोनसाखळी ओढून नेण्याचा प्रकार पूर्वी कधी चोरी तर कधी जबरी चोरी म्हणून नोंदला जात असे. त्यामुळे २०२४ नंतर एखाद्या ठाण्यात जबरी चोऱ्या घटलेल्या दिसल्या, तर त्यांतील काही भाग हिसकावणीच्या रकान्यात गेला आहे काय हे पाहावे आणि सुरक्षित मार्ग म्हणून तुलनेसाठी दोन्ही रकान्यांची बेरीज घ्यावी. दुसरा बदल त्याहून कमी माहीत असलेला आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र ठरली असल्याने सायकल, चपला, गॅसचा रेग्युलेटर, स्वस्त फोन यांच्या चोऱ्या एफआयआरच्या मोजणीतून बाहेर पडू शकतात आणि किरकोळ चोरीचा आकडा कायद्यामुळेच उतरू शकतो.

माहिती कोठून मिळवावी

पहिला स्रोत एनसीआरबीचा 'क्राइम इन इंडिया' हा १९५३ पासून निघणारा वार्षिक अहवाल आहे. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या १९ महानगरांची स्वतंत्र कोष्टके असतात आणि बेंगळुरू त्यांत आहे. परंतु हा अहवाल उशिरा येतो, २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ अखेरीस प्रसिद्ध झाला. शिवाय त्यात सबंध शहराचा एकच आकडा असतो, म्हणून वस्तीविषयी तो काही सांगत नाही. दुसरा स्रोत कर्नाटक पोलिसांचे संकेतस्थळ आहे. तेथे राज्य गुन्हे नोंद विभागाचे मासिक आढावे असतात आणि एफआयआर शोधण्याची सोयही आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर निकाल देताना, संवेदनशील प्रकरणे वगळून, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला होता. हे एफआयआर बहुधा कन्नडमध्ये असतात. मराठी वाचकाला कळवु म्हणजे चोरी, कन्नगळवु म्हणजे घरफोडी, सुलिगे म्हणजे जबरी चोरी आणि कोले म्हणजे खून एवढे शब्द ठाऊक असले तरी कोष्टकाचे मथळे ओळखता येतात, आणि दरोडे हा शब्द तर जवळजवळ मराठीच आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लैंगिक गुन्ह्यांचे आणि बालकांविरुद्धच्या लैंगिक अत्याचारांचे एफआयआर संकेतस्थळावर येत नाहीत आणि पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. म्हणून संकेतस्थळावरील एफआयआर मोजून काढलेल्या यादीत असे गुन्हे शून्य दिसले, तर त्यावरून वस्ती स्त्रियांना सुरक्षित आहे असा अर्थ कधीही काढू नये.

तिसरा आणि वस्तीच्या पातळीवर सर्वांत उपयोगी स्रोत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा आहे. दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक असते आणि उत्तर न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. कर्नाटकाच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक अर्ज याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो. म्हणून अर्जात ठाण्याचे नाव, कालावधी आणि शीर्षे नेमकी लिहावीत; उदाहरणार्थ, अमुक ठाण्यात जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२४ या काळात दिवसाची घरफोडी, रात्रीची घरफोडी, वाहनचोरी, जबरी चोरी आणि हिसकावणी यांचे महिनावार नोंदलेले गुन्हे, त्यांपैकी उकल झालेले गुन्हे आणि दोषारोपपत्र दाखल झालेले गुन्हे यांची संख्या द्यावी, एवढे पुरेसे आहे. अर्जात नावे, पत्ते किंवा तपासाचे तपशील मागू नयेत, कारण खासगी माहिती आणि तपासाला बाधा आणणारी माहिती नाकारण्याची मुभा कायदा देतो. निव्वळ संख्या नाकारण्यास मात्र असे कारण मिळत नाही.

दर आणि भाजक

दोन ठिकाणांची तुलना निव्वळ संख्येने करता येत नाही, म्हणून गुन्ह्यांचा दर काढतात. एक लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे म्हणजे गुन्ह्यांचा दर. त्यातील भाजक, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचे ती, चुकली की दर चुकतो. एनसीआरबी महानगरांसाठी अजूनही २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या वापरते आणि बेंगळुरूसाठी ती सुमारे ८५ लाख आहे. २०२३ मध्ये बेंगळुरूत सायबर गुन्ह्यांची १७,६३१ प्रकरणे नोंदली गेली. त्यांना ८५ लाखांनी भागले तर दर लाखामागे सुमारे २०७ येतो. शहराची आजची लोकसंख्या १ कोटी ३० लाख धरली तर तोच दर १३६ वर उतरतो. गुन्हे तेवढेच राहिले, भाजक बदलला. ज्या शहराची लोकसंख्या २०११ नंतर अधिक वेगाने वाढली ते शहर या पद्धतीत वास्तवाहून अधिक गुन्हेगार दिसते आणि बेंगळुरू अशा शहरांपैकी आहे.

उपनगरात दुसरी अडचण येते. व्हाइटफिल्डमधील इंटरनॅशनल टेक पार्क किंवा इलेक्ट्रॉनिक सिटी येथे दिवसा काम करणारे असंख्य लोक रात्री तेथे राहत नाहीत, आणि मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरा ते व्हाइटफिल्ड मेट्रो सुरू झाल्यापासून ये-जा अधिकच सोपी झाली आहे. त्यांची पाकिटे, दुचाक्या आणि फोन त्या ठाण्याच्या हद्दीत चोरीला जातात, पण रहिवासी लोकसंख्येत ते धरलेले नसतात. म्हणून शक्य तेथे गुन्ह्याच्या संधीचा भाजक घ्यावा. घरफोडीसाठी घरांची संख्या आणि वाहनचोरीसाठी तेथे उभ्या राहणाऱ्या वाहनांची संख्या हे लोकसंख्येपेक्षा खरे भाजक आहेत. सहाशे सदनिकांच्या संकुलात वर्षाला दोन घरफोड्या आणि साठ बंगल्यांच्या वसाहतीत दोन घरफोड्या ही दोन वेगळी वास्तवे आहेत.

कल खरा आहे की भास

एका वर्षाच्या आकड्यावरून कल, म्हणजे दीर्घकाळाची दिशा, कळत नाही. बेंगळुरूच्या सायबर गुन्ह्यांचे एनसीआरबीचे आकडे या दृष्टीने बोधप्रद आहेत. २०१९ मध्ये १०,५५५, २०२० मध्ये ८,८९२, २०२१ मध्ये ६,४२३, २०२२ मध्ये ९,९४० आणि २०२३ मध्ये १७,६३१ अशी ही मालिका आहे. २०२१ पासून मोजले तर २०२२ मध्ये ५५ टक्के वाढ झाली असे म्हणता येते आणि २०१९ पासून मोजले तर त्याच २०२२ मध्ये सुमारे ६ टक्के घट झाली असेही म्हणता येते. दोन्ही विधाने गणिताने बरोबर आहेत आणि दोन्ही एकेकटी दिशाभूल करणारी आहेत. म्हणून टक्केवारी देणाऱ्या प्रत्येक विधानापुढे आधारवर्ष कोणते, हा प्रश्न ठेवावा आणि किमान पाच वर्षांची मालिका मागावी. याच मालिकेला आणखी एक पदर आहे. बेंगळुरूत सायबर तक्रारी पूर्वी एका मध्यवर्ती ठाण्यात एकवटत असत. पुढे प्रत्येक विभागात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थविषयक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र सेन ठाणी झाली. तक्रार घेणारी यंत्रणा बदलली असेल तेथे आकड्यातील चढउतार केवळ गुन्हेगारांच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय सायबर गुन्ह्याची नोंद पीडिताच्या ठाण्यात होते, तर गुन्हेगार अन्य राज्यात किंवा परदेशात असू शकतो. म्हणून या आकड्यावरून वस्तीतील रस्ते असुरक्षित आहेत असा अर्थ निघत नाही.

ठाण्याच्या पातळीवर संख्या लहान असतात आणि लहान संख्या कारणाविनाही वरखाली होतात. ज्या ठाण्यात खुनाची दोन प्रकरणे होती तेथे पुढील वर्षी चार झाली तर शंभर टक्के वाढ असा मथळा होतो, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. यासाठी संख्याशास्त्रातील एक ढोबळ नियम घरगुती हिशोबाला पुरेसा आहे. जुन्या वर्षांची सरासरी काढावी, तिचे वर्गमूळ काढावे, वर्गमुळाची दुप्पट करावी आणि ती सरासरीत मिळवून व सरासरीतून वजा करून येणाऱ्या दोन टोकांच्या आत नवा आकडा असेल तर त्याला सध्या तरी विशेष अर्थ देऊ नये. वर्षाला सरासरी २५ घरफोड्या होत असतील तर २५ चे वर्गमूळ ५, त्याची दुप्पट १०, म्हणजे १५ ते ३५ हा नेहमीचा चढउतार. ३३ घरफोड्यांनी घाबरू नये आणि १७ घरफोड्यांनी निर्धास्त होऊ नये. ४५ झाल्या तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. महिन्याची सरासरी ४ असेल तर शून्य ते ८ हीच नेहमीची मर्यादा ठरते, म्हणून महिन्यामागून महिन्याची तुलना जवळजवळ निरर्थक असते. तुलना करायचीच तर या वर्षीच्या मे महिन्याची मागील वर्षांच्या मे महिन्यांशी करावी, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दसरा-दिवाळीत घरे रिकामी राहतात.

वस्तीची नोंदवही

अहवालातील आकडा वस्तीला दिशा दाखवतो, पण उपाय सुचवण्यासाठी घटनांची मांडणी लागते. रहिवासी संघाने एक साधी नोंदवही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक घटनेसाठी घटना घडल्याची तारीख, वार, वेळ, ठिकाण, गेलेली वस्तू, शिरण्याची पद्धत आणि एफआयआर झाला की नाही एवढेच रकाने असावेत. एफआयआरच्या छापील नमुन्यात घटनेचा काळ आणि ठाण्याला माहिती मिळाल्याचा काळ हे दोन वेगळे रकाने असतात. नोंदवहीत पहिला उतरवावा. घरफोडीच्या बाबतीत नेमकी वेळ बहुधा कळत नाही, कारण शुक्रवारी सायंकाळी गावी गेलेले कुटुंब सोमवारी सकाळी परतल्यावर कडी तुटलेली आढळते. अशा वेळी सोमवार सकाळ असे न लिहिता शुक्रवार सायंकाळ ते सोमवार सकाळ असा पूर्ण अवधी लिहावा, अन्यथा सोमवारी सकाळी चोऱ्या होतात असा खोटा नमुना तयार होतो.

अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्या तीन प्रकारे लावून पाहाव्यात. प्रथम ठिकाणानुसार लावाव्यात, कारण गुन्हे वस्तीभर सारखे पसरलेले नसतात आणि बहुधा एखाददुसऱ्या गल्लीत, रिकाम्या भूखंडालगत किंवा बंद पडलेल्या दिव्याच्या टापूत दाटतात. नंतर वेळेनुसार लावाव्यात आणि शेवटी पद्धतीनुसार लावाव्यात. वाहनचोऱ्या मेट्रो स्थानकाबाहेरील फुकट पार्किंगमध्ये होत असतील तर संकुलाच्या फाटकावर आणखी एक पहारेकरी नेमून काही साधत नाही. घरफोड्या मागील बाजूच्या सज्जातून होत असतील तर समोरच्या दारावर बसवलेला कॅमेरा निरुपयोगी ठरतो. नोंदवहीत पीडितांची नावे लिहू नयेत आणि कोणावर संशय आहे असा रकाना तर मुळीच ठेवू नये, कारण तो रकाना पुराव्याऐवजी पूर्वग्रहाने भरला जातो.

तपासाचे आकडे

गुन्हे किती झाले याइतकेच त्यांचे पुढे काय झाले हेही महत्त्वाचे आहे आणि येथे तीन संज्ञांची गल्लत होते. गुन्हा कोणी केला हे पोलिसांना समजले की उकल झाली असे म्हणतात, पुराव्यासह न्यायालयात प्रकरण मांडले की दोषारोपपत्र दाखल झाले असे म्हणतात आणि न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले की दोषसिद्धी होते. उकलीचे प्रमाण मोठे दाखवून दोषसिद्धीविषयी मौन बाळगले जाऊ शकते. शिवाय चालू वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतील गुन्ह्यांचा तपास अपुरा असणारच, म्हणून ताज्या वर्षाचे उकलीचे प्रमाण जुन्या वर्षांपेक्षा कमी दिसले तर तेवढ्यावरून पोलिसांना दोष देणे न्याय्य नाही. किमान एक वर्ष जुन्या गुन्ह्यांचे प्रमाण तपासावे. तक्रारदाराला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळण्याचा आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिला आहे.

अफवा आणि कलंक

आकड्यांची शिस्त का हवी, याचे सर्वांत दुःखद उत्तर गेल्या काही वर्षांच्या इतिहासात आहे. मे २०१८ मध्ये मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून बेंगळुरूच्या चामराजपेटेत राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला जमावाने ठार केले आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे तशाच अफवेवरून भिक्षेकरी जमातीच्या पाच जणांची हत्या झाली. त्यापूर्वी ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्याच्या अफवांनी भयभीत झालेले ईशान्य भारतातील हजारो लोक बेंगळुरू सोडून रेल्वेने परतले होते. या तिन्ही वेळी भीतीचे मूळ ठाण्याच्या नोंदीत नसून अफवेत होते. म्हणून व्हॉट्सॲप गटावर आलेल्या संदेशात ठाण्याचे नाव, तारीख आणि एफआयआरचा क्रमांक नसेल तर तो पुढे पाठवू नये, आणि शंका असल्यास ठाण्याला विचारावे. वस्तीत भाषेने, प्रांताने किंवा व्यवसायाने वेगळे असलेले लोक वाढले आणि त्याच काळात चोऱ्याही वाढल्या, तर या दोन गोष्टी एकत्र घडल्या एवढेच सिद्ध होते. त्याच काळात घरे, दुकाने, वाहने आणि तक्रारीच्या सोयीही वाढलेल्या असतात. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरील मजूर आणि वस्तू पोचवणारे तरुण हेदेखील त्याच वस्तीचे घटक आहेत आणि पगार घेऊन रात्री उशिरा परतताना लुबाडले जाण्याचा धोका त्यांनाही असतो, ज्याची नोंद सर्वांत कमी होते.

नोंद करणे हेच पहिले काम

वरील सर्व विवेचनाचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या वस्तीला आपले आकडे विश्वसनीय व्हावेत असे वाटते तिने प्रथम तक्रार नोंदवण्याची सवय लावून घेतली पाहिजे. तातडीच्या वेळी ११२ वर, आर्थिक सायबर फसवणुकीत ताबडतोब १९३० वर संपर्क साधावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मात्र १९३० वरील तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे ध्यानात ठेवून त्याचा पाठपुरावा स्थानिक ठाण्यात किंवा सेन ठाण्यात करावा. चोरीला गेलेला फोन हरवला म्हणून लिहून देऊ नये आणि तो केंद्र सरकारच्या सीईआयआर संकेतस्थळावर बंद करावा. हद्द आपली नाही असे सांगून ठाणे तक्रार नाकारू शकत नाही, कारण कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाचा एफआयआर नोंदवता येतो. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, आणि नोंद नाकारली गेल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे व त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

पोलिसांबरोबरच्या बैठकीत रहिवासी संघाने गस्त वाढवा अशी मोघम मागणी करू नये. घरफोड्यांची पाच वर्षांची मालिका, तिची नेहमीची मर्यादा, गेल्या वर्षीची ठिकाणे आणि वेळा एका पानावर मांडून, अमुक दोन गल्ल्यांत दुपारी अकरा ते चार या वेळेत होयसळा गस्तीवाहनाची फेरी व्हावी आणि बंद दिव्यांची यादी महापालिकेकडे जावी, अशी नेमकी मागणी करावी, आणि सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा भरून फरक पडला की नाही हे पोलिसांसह तपासावे. या प्रयत्नांमुळे पहिल्या वर्षी वस्तीचा नोंदलेला आकडा वाढण्याचाच संभव अधिक आहे. त्याने घरांच्या किमती उतरतील या भीतीने तक्रारी दडपणारी वस्ती कागदावर शांत दिसते, पण तिच्यातील चोराला मात्र आपली कोठेच नोंद होत नाही हे पक्के ठाऊक असते.